शाह ताहिर नेमका कोणाचा? निजामशाहीतील एक स्वप्न आणि त्याचे दोन आळशी अर्थ

१/
अहमदनगरच्या निजामशाहीने १५३७ साली शिया पंथ का स्वीकारला, या प्रश्नाला समाजमाध्यमांवर दोन ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले असे : सुलतानाचा मुलगा मरणपंथाला लागला, सुलतानाला स्वप्न पडले, मुलगा वाचला आणि राज्याचा पंथ बदलला. दुसरे असे : तसे काहीही घडले नाही, इराणातून आलेल्या एका धूर्त विद्वानाने भोळ्या सुलतानाला गुंडाळले. पहिल्या पक्षाचे लोक फिरिश्त्याच्या ग्रंथातील पान पुढे करतात आणि दुसऱ्या पक्षाचे लोक त्याच पानावर हसतात. ते पान कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि त्यातून काय वगळले, हे विचारण्याची तसदी मात्र दोघांपैकी कोणीच घेत नाही.

२/
हा विषय भोकरदनच्या तरुण वाचकाला दूरचा वाटू नये. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांचे लेख आहेत, त्यांत दात्याचे नाव, गाव आणि दान एवढेच आहे. येथील उत्खननाचा देव आणि गुप्ते यांनी लिहिलेला अहवाल १९७४ साली प्रसिद्ध झाला आणि केळणेकाठच्या या गावाचा प्राचीन वैभवाचा दाखला सर्वांना मिळाला. त्याचा अभिमान रास्तच आहे. पण सातवाहनांवरून उडी मारायची ती थेट शिवकाळावर, ही सवय रास्त नाही. दौलताबाद १४९९ साली निजामशाहीत आले. दौलताबाद आणि वऱ्हाड यांच्या मधल्या या टापूचे पुढील शतकभराचे राजकारण अहमदनगरच्या दरबाराशी बांधलेले होते. तो काळ परक्यांचा म्हणून वगळला, तर जिल्ह्याच्या इतिहासाला मधोमध भगदाड पडते.

३/
आता ती गोष्ट. मुहम्मद कासिम फिरिश्ता सांगतो की बुऱ्हाण निजामशाहाचा लाडका पुत्र अब्दुल कादिर तापाने फणफणला होता. हकीम हरले, दानधर्म झाला, मुसलमानांबरोबर ब्राह्मणांकडूनही प्रार्थना करवून झाल्या. तेव्हा शाह ताहिरने सुलतानाला नवस बोलायला सांगितले : मुलगा बरा झाला, तर बारा इमामांच्या नावाने खुतबा पढवावा. शुक्रवारच्या नमाजातील खुतब्यात ज्यांची नावे घेतली जातात त्यांच्यावरून राज्याचा पंथ ओळखला जाई, म्हणून हा नवस साधा नव्हता. सुलतानाला बारा इमामांची नावेदेखील ठाऊक नव्हती. ती ताहिरने सांगितली.

त्या रात्री मुलाची प्रकृती आणखी ढासळली. मुलगा अंगावरचे पांघरूण सारखे फेकत होता. थकलेला बाप त्याच्या बिछान्याशी डोके टेकून झोपी गेला आणि स्वप्नात त्याला पैगंबर आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बारा इमाम दिसले. जाग आली तेव्हा पांघरूण मुलाच्या अंगावर होते. ते कोणी घातले? जवळ जाग्या असलेल्या आईने आणि दाईने सांगितले की ते आपोआप सरकत आले. ताप उतरला होता. सुलतानाचा माणूस ताहिरला बोलवायला गेला, तेव्हा आपला शेवट जवळ आला असे समजून ताहिर घाबरला होता.

४/
हा शेवटचा तपशील थांबून पाहण्यासारखा आहे. चमत्काराच्या गोष्टीत चमत्कार घडवणारा सहसा घाबरत नाही. फिरिश्त्याचा ताहिर घाबरतो. मुलगा दगावला, तर आपले डोके राहणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक आहे. श्रद्धेने लिहिणाऱ्या चरित्रकाराने आपल्या नायकाचे भय झाकले असते, असे ज्यांना वाटते त्यांनी या ओळी पुन्हा वाचाव्यात.

५/
फिरिश्ता कोण होता? जन्माने इराणी, बालपणापासून अहमदनगरात वाढलेला, स्वतः शिया. १५८८–८९ साली अहमदनगरात जो रक्तपात झाला, त्यात आफाकी म्हणजे इराण-मध्य आशियातून आलेल्या लोकांची कत्तल उडाली. फिरिश्ता बचावला आणि १५८९च्या अखेरीस विजापूरला गेला. तेथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या पदरी राहून, सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने आपला इतिहास लिहिला. म्हणजे १५३७ची रात्र तो सुमारे सत्तर वर्षांनी सांगतो आहे. आपल्या पंथाच्या माणसांची प्रेते ज्या शहरात पाहिली, त्या शहराविषयी सांगतो आहे. आणि ज्याचा सुलतान शिया नाही अशा दरबारात बसून सांगतो आहे. या पानातून १५३७च्या रात्रीविषयी जितके कळते, त्यापेक्षा १५८९ नंतरच्या एका शिया लेखकाच्या मनाविषयी अधिक कळते. पानाची किंमत त्याने घटत नाही, पण त्याला कोणता प्रश्न विचारावा ते बदलते.

६/
येथे एक गंमत नोंदवायला हवी. निजामशाहीचा मूळपुरुष पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातील ब्राह्मणाच्या वंशातला होता, ही माहिती मराठी इतिहासप्रेमी मोठ्या हौसेने फिरवतात. ती कोठली? फिरिश्त्याचीच. त्याच काळात अहमदनगरच्या दरबारात ‘बुऱ्हाण-ए-मआसिर’ लिहिणारा सय्यद अली तबातबा मात्र अहमद निजामशाहाला थेट बहमनी सुलतानाचा पुत्र ठरवतो. धनी निजामशाह असल्यावर त्याचे पितर राजे असणे सोयीचेच होते. तेव्हा एकाच फिरिश्त्याची पाथरी आवडली म्हणून डोळे मिटून घ्यायची आणि स्वप्न आवडले नाही म्हणून त्याला थापाड्या म्हणायचे, ही चिकित्सा नव्हे. ही निवडानिवड झाली. पाथरीची कथाही तपासलीच पाहिजे, आणि स्वप्नही.

७/
“शिया चरित्रग्रंथ म्हणजे चमत्कारांची पोती” हा दुसरा आवडता शेरा. तो मारणाऱ्यांनी बगदादच्या शेख मुफीदचे नाव बहुधा ऐकलेले नसते. मुफीदने (मृत्यू १०२२) ‘किताब अल-इर्शाद’ या ग्रंथात बारा इमामांची चरित्रे लिहिली. या परंपरेतील तो पायाभूत ग्रंथ. त्याचे गुरू इब्न बाबवय्ह, म्हणजे शेख सदूक (मृत्यू ९९१), यांचे मत असे की होऊन गेलेले सर्व इमाम विषाने वा शस्त्राने मारले गेले. शिष्याने गुरूच्या मतांची दुरुस्ती करणारा वेगळा ग्रंथ लिहिला आणि त्यात स्पष्ट म्हटले की काही इमामांबाबत हे निश्चित आहे, पण इतर काहींना विष दिले गेले असे खात्रीने सांगण्याजोगा पुरावा नाही. हजार वर्षांपूर्वी, स्वतःच्या श्रद्धास्थानांविषयी आणि स्वतःच्या गुरूविरुद्ध! आज एखाद्या मराठी संतचरित्रातील एका चमत्काराविषयी शंका काढून पाहावी आणि काय होते ते बघावे.

पुढील शतकांत मात्र जनमानसात टिकले ते सदूकचे मत. असे का झाले, हा खरा प्रश्न आहे. चरित्रे एकामागून एक लिहिली जात गेली तसा त्यांना ठसा लाभला : जन्मवेळचा प्रकाश, बालपणी प्रकट झालेले ज्ञान, वारशाची खूण, जवळच्यांचा दगा, खलीफाचे विष, आणि त्या मृत्यूवर रडणारा समाज. बाराही आयुष्ये मिळून एकच कथा सांगू लागली. सत्ता हातात नसलेल्या, पुष्कळदा लपून जगणाऱ्या समाजाला ती कथा हवी होती. पुराव्यापेक्षा शोकाचा आधार मोठा ठरला. हेरातच्या हुसैन वाइज काशिफीने १५०२च्या सुमारास फारसीत ‘रौजतुश्शुहदा’ लिहिले. त्याच्या नावावरूनच मुहर्रमच्या शोकपठणाला रौजाखानी म्हणू लागले. हा काशिफी शिया होता की सुन्नी, यावर आजही एकमत नाही. ज्याचे पुस्तक वाचून लाखो शिया रडले, त्याचाच पंथ वादात आहे, हे लक्षात ठेवावे; पुढे उपयोगी पडेल.

८/
आता “धूर्त इराणी आणि भोळा सुलतान” या सिद्धांताकडे. शाह ताहिर १५२२ साली अहमदनगरात आला. पंथबदल झाला १५३७ मध्ये. पंधरा वर्षे लागणारी फसवणूक मोठी सबुरीची म्हणावी लागेल.

या पंधरा वर्षांत तो काय करत होता? परांड्यास असताना पीर मुहम्मद नावाचा निजामशाही विद्वान त्याच्यापाशी ग्रीक ज्योतिषाचा ‘अल-मजिस्ती’ हा कठीण ग्रंथ शिकला. त्याच्याच शिफारशीने ताहिर अहमदनगरास आला आणि किल्ल्यात व्याख्याने देऊ लागला. १५३०च्या सुमारास गुजरातच्या बहादुरशाहापुढे बुऱ्हाणला नमते घ्यावे लागले, तेव्हा वकिली ताहिरनेच केली. बहादुरशाह सिंहासनावर बसलेला आणि बुऱ्हाण समोर उभा, ही नामुष्की कशी टाळायची? फिरिश्ता सांगतो की अलीच्या हस्ताक्षरातील म्हणून मानली जाणारी कुराणाची प्रत ताहिरने डोक्यावर घेतली. ग्रंथाच्या आदरासाठी बहादुरशाह खाली उतरला आणि बुऱ्हाणची लाज राहिली. सुलतान भोळा नव्हता. त्याला या माणसाची किंमत कळली होती.

९/
आणि १५३७च का? त्या वर्षी फेब्रुवारीत दीवच्या समुद्रात पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत बहादुरशाह मारला गेला. उत्तरेचा दबाव एकाएकी उतरला. विजापुरात तीनच वर्षांपूर्वी पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने शिया खुतबा बंद करून सुन्नी पंथ परत आणला होता. गोवळकोंडा शिया होता. इराणात शाह तहमास्प होता. निजामशाहीचा निर्णय हिजरी ९४४ मधला, म्हणजे बहादुरशाह गेल्यानंतर चार महिन्यांच्या आत तर नक्कीच नाही, पण त्यानंतर लवकरच. स्वप्न कोणत्याही रात्री पडू शकते. त्यावर अंमल करता येण्याजोगी रात्र मात्र ठरावीक काळीच येते.

याचा अर्थ “सारे राजकारण, श्रद्धा शून्य” असा काढणे हा तिसरा आळस. खुतबा बदलताच हजारोंचा जमाव बंड करून उठला आणि त्याचा पुढारी होता तोच पीर मुहम्मद, ताहिरचा विद्यार्थी. बंड मोडले, तो कैदेत पडला आणि पुढे सुटला तो ताहिरच्याच रदबदलीने. गुरूच्या पायाशी बसून ज्योतिष शिकणे आणि त्याच्या पंथासाठी आपला पंथ न सोडणे, या दोन गोष्टी एका माणसात नांदू शकतात. अशा लोकांना नुसत्या हिशेबाने समजून घेता येत नाही.

१०/
इथवर सगळे ताहिरला बारा इमाम मानणारा शिया समजून चालले. दोन्ही पक्ष यावर सहमत असतात. वादाचे मूळ नेमके येथेच आहे.

शाह ताहिर हा निजारी इस्माइली होता, आणि साधा अनुयायी नव्हे. अलमूतचा किल्ला १२५६ साली मंगोलांनी घेतल्यानंतर चौदाव्या शतकात निजारी इमामांच्या घराण्यात फूट पडली. एक शाखा कासिमशाही, दुसरी मुहम्मदशाही. कासिमशाही शाखेचे आजचे इमाम म्हणजे आगाखान. मुहम्मदशाही शाखेचा एकतिसावा इमाम म्हणजे शाह ताहिर. काशानमध्ये त्याच्याभोवती जमणाऱ्या अनुयायांमुळे सफवी शाह इस्माइलचा रोष ओढवला आणि १५२० साली तो कुटुंबासह जीव घेऊन समुद्रमार्गे गोव्यास उतरला. इस्माइली इमामांचा क्रम बारा इमामी क्रमापासून सातव्या ठिकाणीच वेगळा होतो. म्हणजे ज्या बारा नावांचा नवस ताहिरने सुलतानाकडून बोलवून घेतला, त्यांतली शेवटची सहा त्याच्या स्वतःच्या अनुयायांच्या इमामांत नव्हती.

११/
चरित्रकारांनी यावर काय केले? फिरिश्ता घराण्याचे मूळ मिसरच्या इस्माइली खलीफांपर्यंत नेतो, ते लपवत नाही. पण दख्खनमधला ताहिर मात्र त्याच्या लेखी बारा इमामांचा प्रचारक. नूरुल्लाह शूस्तरी याने ‘मजालिसुल मूमिनीन’ या आपल्या प्रचंड चरित्रकोशात ताहिरला सन्मानाने जागा दिली. शूस्तरीची ख्यातीच अशी की त्याला ‘शिया-तराश’, म्हणजे माणसे घडवून शिया करणारा, म्हणत. इब्न अरबी आणि रूमी यांनाही त्याने आपल्या पंगतीत बसवले. त्याच्यावर हसणे सोपे आहे. पण हा शूस्तरी अकबराच्या काळी लाहोरचा काझी होता. सुन्नी न्यायपद्धतींनुसार निवाडे देत, स्वतःची श्रद्धा झाकून जगत होता. जहांगीरच्या आज्ञेने १६१० साली आग्र्यास त्याला मारण्यात आले. संकटात श्रद्धा लपवण्याला शिया परंपरेत तकिय्या म्हणतात आणि ती मान्यता शूस्तरीने स्वतः जगून पाहिली होती. अशा माणसाला इतिहासातील प्रत्येक थोर पुरुष आपल्यासारखाच लपलेला दिसला, तर त्यात नवल नाही.

नवल नसले, तरी अन्याय होतोच. गौरव करता करता एका लहान समाजाचा इमाम मोठ्या समाजाच्या खात्यावर जमा झाला. फिरिश्ता किंवा शूस्तरी यांनी ताहिरची निंदा केली असती, तर निदान तो इस्माइली म्हणून नोंदला तरी गेला असता. स्तुतीने त्याला पुसले. आजचे “शिया मौलवी शाह ताहिर” म्हणणारे थ्रेड, मग ते भक्तीचे असोत वा टवाळीचे, तेच पुसणे पुढे चालवतात.

१२/
‘ताहिर मनाने बारा इमामी झाला असेल’ असा आक्षेप येतो. शक्य आहे, अंतःकरणाचा दस्तऐवज नसतो. पण त्याच्या वंशजांचे काय? मुहम्मदशाही इमाम अहमदनगरात आणि नंतर औरंगाबादेत राहिले. याच शाखेतील गुलाम अलीने १६९८ साली दख्खनमध्ये ‘लमआतुत्ताहिरीन’ हा पद्यग्रंथ रचला. वरवर पाहता त्यात बारा इमामांची स्तुती आणि सूफी भाषा. आत मुहम्मदशाही इमामांची परंपरा. बाप इस्माइली नसता, तर दीडशे वर्षांनंतरच्या अनुयायाला हे आवरण कशाला लागले असते? हा ग्रंथही चरित्रपर लेखनच आहे, पण तो उलट्या बाजूने वाचावा लागतो. आधुनिक अभ्यासकांत व्लादिमिर इवानोव याने १९३८ साली या विस्मृत शाखेवर निबंध लिहिला, तेव्हा ती पुन्हा उजेडात आली.

१३/
चरित्र लिहिणे त्या काळी किती धोक्याचे होते, याचे उदाहरण भोकरदनच्या ईशान्येलाच आहे. १५८९ साली जमालखानाने अहमदनगरात महदवी पंथाला राजपंथ केले. दोन वर्षांनी, १५९१ मध्ये, अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याशी रोहणखेड येथे दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाच्या लढाईत तो मारला गेला आणि शिया खुतबा परतला. त्याच सुमारास, त्याच बुऱ्हाणसाठी, तबातबाने लेखणी उचलली. त्याच्या दृष्टीने महदवी राजवट हे ग्रहण होते. महदवींच्या मते काय होते, ते महदवींच्या ग्रंथांत पाहावे लागेल. रोहणखेडच्या मैदानाने नुसता सुलतान ठरवला नाही. पुढील चरित्रे कोण लिहिणार तेही ठरवले.

१४/
मराठी वाचकाला हे सारे घरचेच आहे, तरी तो परके असल्यासारखे वाचतो. शाह ताहिर अहमदनगरात होता त्याच काळात, परंपरेनुसार, जनार्दनस्वामी निजामशाहीच्या चाकरीत दौलताबादेवर होते. गुरूची समाधी भंगू नये म्हणून एकनाथांनी शस्त्र धरून किल्ला राखला, ही कथा ऐकताना कोणी “पुरावा काय?” म्हणत नाही, म्हणूही नये, तो त्या कथेचा प्रश्नच नव्हे. ताहराबादच्या महिपतीने १७६२ साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला, तोही आधीच्या ग्रंथांचा आधार मोकळेपणाने सांगून. श्रीगोंद्याचे शेख महंमद कोणाचे, हा वाद तर अजून संपलेला नाही. ज्या वाचकाला महिपती कसा वाचावा हे कळते, त्याला शूस्तरी वाचता यायला हरकत नाही. हरकत असते ती नावांची.

१५/
अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या कोठल्यात मुहर्रमला बारा इमामांच्या नावाने गर्दी होते. तो कोठला बुऱ्हाणच्या काळातला, पंथबदलाच्या दिवसांतला. मराठवाड्याच्या कितीतरी गावांत सवाऱ्या निघतात, पंजे बसतात, आणि त्यांना नवस बोलणाऱ्यांत हिंदू घरेही असतात. आजारी मुलासाठी इमामांना बोललेला नवस हा प्रकार म्हणूनच या मुलखात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

शाह ताहिर १५४०च्या दशकात वारला आणि त्याच्या अस्थी करबलेला नेण्यात आल्या. मुलगा शाह हैदर तेव्हा निजामशाहाचा वकील म्हणून इराणात होता. इमामत त्याच्याकडे गेली आणि दख्खनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली. सीरियातील मुहम्मदशाही इस्माइलींचा आपल्या इमामाशी, अमीर मुहम्मद बाकिरशी, शेवटचा संपर्क १७९६ साली झाला. तो इमाम औरंगाबादचा होता. भोकरदन १९८१ पर्यंत त्याच औरंगाबाद जिल्ह्यात होते. त्यानंतर निरोप आला नाही. सीरियातील लोक वाट पाहत राहिले. पुढे त्यांनी हिंदुस्थानात इमामाच्या वंशजांचा शोधही घेतला. कोणी सापडले नाही. १८८७ साली त्यांच्यातील बहुसंख्यांनी आगाखानांना इमाम मानले. उरलेले तरीही मुहम्मद बाकिरच्याच नावाशी राहिले.